आजोबांच्या पेटीतली हिब्रू पाने

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल ज्यू. आजोबांच्या पेटीत हिब्रू पोथीचे तुकडे आणि त्या तुकड्यांचेच जुने फोटो सापडले. नोंद कशी करू? (एक वाचक, भायखळा)

उत्तर : दादा, आधी एक कळकळीची विनंती, चिकटपट्टी लावू नका! १९५०च्या दशकात जेरुसलेममध्ये मृत समुद्राकाठच्या गुंफांत सापडलेल्या प्राचीन ज्यू पोथ्यांच्या गुंडाळ्यांचे तुकडे अभ्यासकांनी तशाच पट्टीने जोडले होते. तिचे डाग काढताना पुढच्या पिढ्या थकल्या.

तुकड्याला एक क्रमांक, फोटोला दुसरा. त्या गुंडाळ्यांच्या क्रमांकात ‘४क्यू’ म्हणजे मृत समुद्राकाठच्या कुमरानची चौथी गुंफा, जिथे तुकडा सापडला ती जागा. तुम्हीही क्रमांकात पेटीचा कप्पा घाला. फोटो दुय्यम मानू नका. त्या गुंडाळ्यांचे छायाचित्रकार नजीब अल्बिना यांनी तेव्हा इन्फ्रारेड फिल्मवर टिपलेले फोटो आजही अभ्यासकांना लागतात, कारण नंतर काही तुकड्यांची कातडी काळवंडली, कडा झडल्या. एकच तुकडा अनेक फोटोंत, वेगळ्या शेजाऱ्यांसोबत दिसतो. म्हणून प्रत्येक फोटोपुढे त्यातले सगळे तुकडे लिहा. मागचा शिक्का, तारीख, आजोबांचे अक्षर, तेही जसेच्या तसे उतरवा.

नवे फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि पावसाळ्याआधी पाने प्लास्टिकमधून काढून आम्लरहित कागदात ठेवा.