पाळण्यातलं नाव

चि. अपराजिता हिस अनेक आशीर्वाद.

(हसू नकोस. पत्र म्हटलं की माझा हात असाच सुरू होतो.)

काल फोनवर तू विचारलंस, मामाच्या बाळासाठी सगळे ‘लीडर’ अर्थाची नावं शोधतायत, दिग्विजय, विश्वजित, अजिंक्य, तर नावाने माणूस तसा होतो का? आणि मग हळूच म्हणालीस, ‘मग मी का हरले?’ मागे आजीचा टीव्ही मोठ्याने चालला होता, ते निमित्त करून मी विषय बदलला.

अपू, क्लासेनश्प्रेखेरिनच्या, म्हणजे वर्गप्रतिनिधीच्या, निवडणुकीत तुला चार मतं पडली आणि पाउला निवडून आली. पाउलाचा लॅटिनमधला अर्थ माहितीये? लहानशी. आणि तू कोण, तर जिला कुणी हरवू शकत नाही ती!

तुझं नाव मी दसऱ्यावरून ठेवलं. सीमोल्लंघनाच्या दिवशी शमीबरोबर अपराजिता देवीचीही पूजा करतात. पूर्वी मोहिमा त्याच दिवशी निघायच्या. तू पोटात होतीस तेव्हा मी श्टुटगार्टमध्ये नवी होते, भाषा येत नव्हती, दुकानात दही मागताना घाम फुटायचा. जिंकायचं होतं ते मला. नाव मात्र तुझ्या गळ्यात पडलं. अपराजिता म्हणजे गोकर्णसुद्धा बरं का. आजीच्या कुंपणावर निळ्या फुलांचा वेल आहे ना, तोच. तो अर्थ आवडत असेल तर तो घे, मी रागावणार नाही.

आपल्याकडे खऱ्या पुढाऱ्यांची नावं अशी अर्थ बघून ठेवलेली फारशी सापडत नाहीत. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला होता, म्हणून एक मुलगा शहाजी आणि दुसरा शरीफजी. शहाजीराजांना 1630 साली शिवनेरीवर मुलगा झाला, त्याचं नाव गडावरच्या शिवाई देवीवरून ठेवलं असं सांगतात. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणायचे आणि तेच चिकटलं. देश लोकमान्य म्हणत होता तरी नाव बाळ गंगाधर टिळकच. महर्षी कर्वे तर धोंडो, म्हणजे चक्क दगड. पूर्वी मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत, यमालाही घ्यावंसं वाटू नये म्हणून. या धोंडोंनी 1916 मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं आणि स्वतः 104 वर्षं जगले.

पण नावात काय आहे, असं मी म्हणणार नाही. तू आत्ता आहेस त्याच सातारा जिल्ह्यात, मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव कधीकधी ‘नकुसा’ ठेवत. नकोशी. शाळेत रोज हजेरीला तेच नाव, आणि त्या नावाला रोज उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. 2011 मध्ये तिथल्या अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली. कुणाला मोठं नाव दिलं की नाही ते सोड, आपल्याला हवंसं नाव त्यांना मिळालं.

आता रविवारचं. आत्या मी, त्यामुळे नाव मी ठेवणार, पण रजा नाही. तेव्हा तू माझ्या जागी. आधी पाळण्यात वरवंटा ठेवतील, कुंची घालून, तिथे खिदळू नकोस. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की फोन बाळाच्या कानाशी धर. आवाज कमी कर आधी! मी कुर्र करून नाव सांगेन. मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते माझ्या वाटचे तुला खावे लागणार, इलाज नाही.

मामाला अजिंक्यच हवंय, कारण गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. ऑगस्टच्या ढगात दिसत असेल तर शपथ, पण ठेवू अजिंक्य. (दिग्विजय ठेवलं असतं तरी रांगेपर्यंत दिगू झालंच असतं.) घरात हाक मारायचं नाव मात्र तू शोध. दोन अक्षरी, रागावतानाही चालेल आणि लाड करतानाही. शनिवारी रात्रीपर्यंत कळव, आजीला आत्ता सांगू नकोस.

घुगऱ्या माझ्या वाटच्याही खा.

तुझी,
आई