पायरीवरून ऐकलेला विश्वचषक

"ताई, 2025 संपत आलं म्हणून यंदाच्या मॅचची उजळणी करत बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं, या वर्षातले सगळ्यात मोठे दोन क्षण मी पाहिलेलेच नाहीत. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल मार्चमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली होती. पण जुलैत इंग्लंडविरुद्धच्या लॉर्ड्स टेस्टच्या शेवटच्या दिवशी मी आतल्या खोलीत होतो, दादाने हाक मारली, 'ये आता, तेवीसच हवेत.' मी येऊन टेकलो आणि सिराज बोल्ड झाला, आपण हरलो. तेव्हापासून घरात माझं नाव पनवती. ओव्हल टेस्टच्या वेळी मला जिन्यात बसवलं आणि आपण सहा रनने जिंकलो. झालं, शिक्का बसला. महिला वर्ल्ड कपमधली इंग्लंडविरुद्धची मॅच हट्टाने पाहिली, चार रनने हरलो. मग सेमीफायनलला आणि फायनलला मी आपणहूनच पायरीवर जाऊन बसलो. माझी अकरा वर्षांची मुलगी दर ओव्हरला दार उघडून स्कोअर सांगायची. मी आत गेलो तेव्हा आपण वर्ल्ड कप जिंकलो होतो आणि कर्णधार हरमनप्रीतच्या शेवटच्या कॅचचा रिप्ले चालू होता. गुवाहाटीची टेस्ट कामामुळे एक बॉलही पाहता आली नाही. परवा एका टी-ट्वेंटीत दोन विकेट पटापट गेल्या, तर मुलगी उठून बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, 'बाबा, मी पण तुझ्यासारखीच आहे.' ताई, मी मॅच बघणं सोडून देऊ का?"

सप्रेम नमस्कार.

नाही, सोडू नका. उलट तुम्हाला पुन्हा त्या खोलीत जाऊन बसायचं आहे, आणि तेही लवकर. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या मुलीच्या वाक्यापाशी अडखळले.

आधी तुमचाच हिशेब तपासू, कारण तुम्ही स्वतःवर फार मोठा आळ घेतलाय. 9 मार्चला दुबईत न्यूझीलंडविरुद्ध 252 चा पाठलाग होता. रोहितने 76 केले, मध्ये विकेट पडल्या, शेवटी जडेजाने चौकार मारला आणि आपण चार विकेटनी जिंकलो. ती मॅच तुम्ही सगळ्यांच्या मध्ये बसून पाहिलीत, तुम्हीच लिहिलंय. नोव्हेंबरात गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने आपल्याला 408 धावांनी हरवलं. तिथे तुम्ही एक बॉलही पाहिला नव्हता. म्हणजे पाहिलंत आणि जिंकलो, नाही पाहिलंत आणि दणकून हरलो, असे दोन्ही दाखले तुमच्याच पत्रात आहेत. पण तुम्ही ते एकेका ओळीत उरकलेत, आणि जिन्याबद्दल मात्र सविस्तर लिहिलंत. मन असंच करतं. जे दुखलं तेवढंच जपून ठेवतं.

दुसरी गोष्ट तुम्हालाही माहीत आहे, फक्त तुम्ही ती इथे लावून पाहिली नाहीत. टीव्हीवर दिसणारा बॉल मैदानात काही सेकंद आधीच पडून गेलेला असतो. मोबाइलवर तर आणखी उशिरा दिसतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर बॉलर अजून रनअपच घेत असतो, हे कितीदा झालंय! त्या दिवशी पडद्यावर इंग्लंडच्या बशीरचा तो चेंडू सुटला, तेव्हा लॉर्ड्सवर स्टंपवरची बेल पडून गेली होती. सिराजने तो चेंडू चांगला अडवला होता. बॅटला लागून तो जमिनीवर आपटला, गरगरत मागे गेला आणि लेग स्टंपला टेकला. सिराज तिसावा चेंडू खेळत होता, समोर जडेजा 61 वर उभा होता. त्या फिरकीपर्यंत तुमची सावलीसुद्धा पोहोचत नाही.

असं वाटणं यात मात्र लाज वाटण्यासारखं काही नाही. क्रिकेटमध्ये 111 हा स्कोअर अशुभ मानतात, म्हणून डेव्हिड शेफर्डसारखा नावाजलेला अंपायर तो आकडा लागला की एक पाय उचलून उभा राहायचा. सचिन डावं पॅड आधी बांधायचा. जे मैदानात असतात त्यांची ही गत, तर आपल्या हातात ना बॅट, ना बॉल. आपल्या माणसांसाठी काहीतरी करावंसं वाटतं आणि करता काहीच येत नाही, म्हणून कुणी जागा सोडत नाही, तर कुणी जागेवर बसत नाही. तुम्ही संघासाठी जिन्यात बसलात, त्यामागची माया मला कळते. पण त्याची किंमत मोठी पडली.

त्या सिराजचंच बघा. लॉर्ड्सवर तो खेळपट्टीवर खाली बसला, प्रतिस्पर्धी येऊन त्याला धीर देत होते. तीन आठवड्यांनी ओव्हलला त्याने इंग्लंडच्या हॅरी ब्रूकचा कॅच पकडला आणि त्याचा पाय सीमारेषेला लागला. ब्रूक तेव्हा 19 वर होता, त्याने 111 केले. इंग्लंडला 374 हवे होते, आणि पाचव्या सकाळी फक्त 35 उरले होते, चार विकेट हातात. पनवती म्हणायचंच तर त्या रात्री सिराजला म्हणता आलं असतं. कुणी त्याला पायरीवर बसवलं नाही. सकाळी चेंडू त्याच्याच हातात दिला. उरलेल्या चारांपैकी तीन विकेट त्याने काढल्या, शेवटची ॲटकिन्सनची, यॉर्करवर. मैदानावरच्या अकरा जणांनी ज्याला एवढं सांभाळून घेतलं, त्याच्याच विकेटचं खापर घरच्या चार माणसांनी तुमच्या माथी फोडावं, हे मला पटत नाही.

आणि 'पनवती' हा शब्द मला हलका वाटत नाही. आपल्या भाषेत 'पांढऱ्या पायाची' असाही एक शब्द आहे. घरात काही वाईट झालं की तो नव्या सुनेला चिकटवला जायचा, आणि ती जन्मभर तो पुसत बसायची. सुरुवात चेष्टेनेच होते. तुमच्या बाबतीत जुलैत चेष्टा होती, नोव्हेंबरात तुम्ही आपणहून उठलात आणि डिसेंबरात तुमची मुलगी उठली. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत.

2 नोव्हेंबरची, महिला वर्ल्ड कपच्या फायनलची रात्र आठवा. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली, संपायला मध्यरात्र झाली. मुलगी दर ओव्हरला दार उघडत होती, म्हणजे तिचंही अर्धं लक्ष दारात होतं. दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट 101 वर असताना आपल्या अमनजोतच्या हातातून चेंडू उडाला, पुन्हा उडाला, आणि शेवटी एका हातात राहिला. तो झेल तुमच्या लेकीने पाहिला की ती तेव्हा तुमच्याशी बोलत होती? तिला विचारा. रिप्ले तुम्ही दोघांनी वीस वेळा पाहिला असेल, पण ठाऊक असलेल्या झेलाला धडधड नसते.

मी 2017 च्या महिला वर्ल्ड कपची फायनल शेवटपर्यंत पाहिली होती. तेही लॉर्ड्सच. 229 हवे होते, 3 बाद 191 होतो, आणि 219 वर सगळं संपलं. नऊ धावा. कितीतरी वेळ मी टीव्ही बंद करू शकले नाही. हरमनप्रीतने त्या दिवशी 51 केले होते, दीप्तीही संघात होती. यंदा दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीत मागे धावत गेली आणि तिने तो शेवटचा झेल घेतला, तेव्हा मला जे रडू आलं त्यातलं निम्मं 2017 चं होतं. ती हार मी पाहिली नसती, तर हा विजय मला एवढाच मिळाला नसता. साखळीत या मुली लागोपाठ तीन मॅच हरल्या होत्या, इंदूरची तुमची चार धावांची त्यातलीच. ती तुम्ही पाहिलीत हे फार चांगलं केलंत. ती पाहिलेल्या माणसाचा फायनलवर पहिला हक्क होता.

आता काय करायचं ते सांगते. दादाशी बोला, पण मॅच चालू असताना नको, एरवी कधीतरी, दोघंच असताना. भांडू नका. एवढंच म्हणा, "दादा, तू गंमत करतोस हे मला माहीत आहे, पण पोरगी ते खरं मानायला लागलीय. पुढच्या मॅचपासून मी आत बसणार आणि तो शब्द घरात नको." मला वाटतं तो गप्प होईल. ती उठून गेली तेव्हा त्यालाही कुठेतरी टोचलं असणार.

मग मुलीला शेजारी घेऊन एक वही काढा. यंदाच्या जेवढ्या मॅच आठवतील तेवढ्या लिहा, समोर कोण कुठे बसलं होतं आणि निकाल काय लागला ते. दुबई आणि गुवाहाटी तिलाच लिहू द्या. तुम्ही काही समजावू नका, ती हुशार दिसते.

7 फेब्रुवारी 2026 ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप सुरू होतोय. भारताची मॅच त्याच दिवशी, वानखेडेवर. नाणेफेकीच्या आधी दोघंही आत जाऊन बसा, दाराजवळ नको, मधोमध. तुम्ही टेकलात आणि त्याच क्षणी विकेट पडली, असं होईलही. कुणीतरी तुमच्याकडे बघेल, मुलगीसुद्धा बघेल. तेव्हा जागचे हलू नका. तिला विचारा, आता कोण येतंय बॅटिंगला?