शेवटी सगळ्यांनाच मरायचं आहे, मग जगण्याला अर्थ तो काय?

मरण ठरलेलंच असेल तर शिकायचं, कमवायचं, घर बांधायचं कशासाठी, सगळं इथंच तर राहणार, असं तुम्ही विचारलंय. असं विचारणारे बहुतेक जण धरूनच चालतात की मरण डोळ्यासमोर आलं की हातातल्या कामातला जीव जातो. मी माझ्या माहेरी याच्या उलट पाहिलंय. आमच्या घरात मरण लपवून ठेवलं होतं तेव्हाच सगळी कामं थांबली होती. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आम्ही सांगोला तालुक्यातले. माणदेशातली कमी पावसाची जमीन, त्यात तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 'भगवा' जातीच्या डाळिंबाची बाग उभी केली. तेल्या आणि मर रोगाने आजूबाजूच्या कितीतरी बागा उपटाव्या लागल्या, तात्यांची टिकली. एका उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग शहरात नेऊन तपासण्या केल्या. निघाला स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. हा कर्करोग पोटात खोल मागे बसतो. कावीळ किंवा पाठदुखी सुरू होईपर्यंत बहुतेकांना पत्ता लागत नाही, आणि लागतो तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. डॉक्टर व्हरांड्यात दादाशी बोलले, तात्यांशी नाही. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकला, कावीळ उतरली, अंगाची खाज थांबली. घरी आल्यावर दादाने सगळ्यांना बजावलं, तात्यांना एक अक्षर सांगायचं नाही, माणूस खचेल.

पुढचे काही आठवडे घरात जे चाललं त्याला मी जगणं म्हणणार नाही. फाईल कपाटात कुलूपबंद. "लिव्हरला सूज आहे" हे एकच वाक्य सगळे पाठ करून बसलेले. आणि तात्या प्रत्येक गोष्ट पुढे ढकलत होते. बागेचं काय? बरा झालो की बघू. नानांशी, म्हणजे माझ्या चुलत्यांशी, बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, त्याचं काय? बरा झालो की बघू. आई विचारायची, सोसायटीच्या कर्जाचं काय? तेच उत्तर. त्यांच्यासमोर पुरेसा काळ आहे असं आम्हीच त्यांना पटवलं होतं, मग ते तरी घाई कशाला करतील? आयुष्यभर पहाटे बागेत जाणारा माणूस दिवसभर पलंगावर बसून बरं होण्याची वाट बघत होता.

श्रावणात मी शाळेतून रजा काढून गेले. एका दुपारी आई पाणी आणायला उठली तेव्हा ते मला म्हणाले, "तुमी तिघं बोलता आन् मी आलो की गप बसता. आगं, मला काय कळत न्हाई व्हय?" मी विचारलं, सगळं ऐकायचंय का? मान डोलावली. मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, बरा होणारा नाही हे सांगितलं, डॉक्टर काही महिने म्हणाले तेही सांगितलं.

ते रडले नाहीत असं मी म्हणणार नाही. रडले. रात्री जेवले नाहीत. दादा पुण्याहून फोनवर मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या काठी घेऊन बागेत गेले आणि माघारी येऊन त्यांनी विचारलं, "हस्त बहार धरला तर तोडणीला मी नसणार, व्हय ना?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हस्त बहार धरायचा तर पावसाळ्याच्या शेवटी बागेचं पाणी तोडून ताण देतात, छाटणी आणि पानगळ करतात, मग पाणी सोडलं की कळी निघते. फळ तोडायला येतं फाल्गुन-चैत्रात. मी म्हटलं, नसाल. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग धरू. पर ह्या खेपंला तुज्या आईनं करायचं, मी निस्तं सांगायचं."

आईने त्या बागेत जन्मभर निंदणी-खुरपणी केली होती, पण औषधाचं माप तिच्या हातात कधी दिलं गेलं नव्हतं. तात्यांनी ते त्या महिन्यांत दिलं. खाटल्यावर बसून तिच्याकडून घोकून घेतलं: एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं. मिश्रण झालं की लोखंडी विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाल. ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह कोणत्या ओळींचा, कोणता व्यापारी काटा मारतो, कोणाकडे किती बाकी आहे, सगळं मी वहीत उतरवून घेत होते. तिला बँकेत नेलं ते रिक्षात उशी घालून, स्वतः बरोबर बसून.

नानांनाही त्यांनीच बोलावणं धाडलं. गळाभेट वगैरे काही झाली नाही. चहा झाला, आणि तात्या म्हणाले, तातडीची सरकारी मोजणी मागवू, निघंल ते मला मान्य. मोजणीत बांध आमच्याच बाजूने पुढे सरकलेला निघाला. तात्यांनी खुणेचे दगड आपल्यासमोर रोवून घेतले आणि तेवढे गुंठे सोडून दिले. आज आईला रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला नानांचा मुलगा जातो.

यात वेदनेची गोष्ट गाळली तर मी खोटं सांगितल्यासारखं होईल. पाठीतून कळ सुरू झाली की माणसाला ना बाग सुचते, ना बायको. तालुक्याच्या गावात मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या नाहीत, शहरातून आणाव्या लागल्या. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने डॉक्टर आणि दुकानदार हे औषध ठेवायलाच तयार नसायचे. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी खेड्यापर्यंत ती पोचलेली मी पाहिली नाही. गोळी दर चार तासांनी, वेळ न चुकवता, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध. पाहुण्यांनी "सवय लागेल" म्हणून गोळ्या द्यायला विरोध केला. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला सवय लागण्याची काळजी करणं हा निर्दयपणा आहे, याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही.

मार्गशीर्षात तात्या गेले. झाडावर फळ आलं होतं, फुगत होतं. दहाव्याला कावळा शिवला नाही. बराच वेळ थांबून शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीनं सांगितलं, त्याचा जीव अडकला." दादा गप्प राहिला. ते गप्प राहणं मला अजून टोचतं. इच्छा राहिलीच असेल की! जिवंत माणसाची इच्छा राहतेच. ती राहावी म्हणून तर माणूस बहार धरतो. ज्याची कसलीच इच्छा उरली नव्हती तो श्रावणाआधीचा, पलंगावर बसलेला माणूस होता, आणि त्याला तसं आम्ही केलं होतं.

दादा वाईट नाही. दवाखान्यात रात्र-रात्र जागला, पैसा त्यानेच घातला. पण "खचतील" हे कारण मला कधीच पटलं नाही. लपवणाऱ्याला त्या माणसाचं रडणं बघवत नाही, म्हणून तो लपवतो. फाल्गुनात आईने माल दिला, पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात घेऊन पैसे स्वतः मोजले, तेव्हा दादा तिथेच उभा होता. तरी त्याचं म्हणणं बदललेलं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला तारीख कोणी सांगितलेली नाही, म्हणून तुम्ही मरणाचा असा लांबून विचार करू शकता. "सगळं इथंच राहणार" म्हणता, तर राहू दे ना. इथे आईसुद्धा राहणार होती, म्हणून तात्यांनी तिला माप शिकवलं. तुमच्या माघारी कोण राहणार आहे, त्याला कशाची अडचण होणार आहे, हे घरात विचारा आणि त्यातलं एक काम या महिन्यात हातात घ्या. यापलीकडचा, सगळ्यांना लागू पडेल असा अर्थ मला सापडलेला नाही, आणि तो सापडल्याशिवाय काम अडतं असंही दिसलं नाही.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सगळ्यांनाच ऐकायचं असतं असं नाही. "मला नको सांगू, तुम्ही बघा" म्हणणारी माणसं असतात आणि त्यांचं ऐकावं. आधी विचारायचं, मग सांगायचं. दुसरं, तुमचा प्रश्न नुसता विचार म्हणून नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर माझी गोष्ट बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन करा. सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

आणि तुम्ही सज्ञान असाल तर कितीही तरुण असा, आपल्या शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी केलंय. मला काय झालंय ते सर्वांत आधी मला सांगायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आपली शुद्ध नसेल तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा त्याचं नावही घालावं लागतं. मी माझ्या मुलीचं आणि नानांच्या मुलाचं घातलं, दादाचं नाही. त्याला कळल्यापासून तो रागावला आहे. कारण त्याला माहीत आहे, आणि नाव मी बदलणार नाही.