ग्राफचा 'कापलेला' बॅकहँड

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी टेनिस शिकते. तिला स्टेफी ग्राफचे जुने सामने दाखवले, तर म्हणाली, "हिचा बॅकहँड नुसता कापलेलाच असतो!" बॅकहँड एवढा कच्चा असून ग्राफ इतकं कशी जिंकली?
– एक पालक, सांगली

उत्तर : मुलीची नजर चांगली आहे, पण 'कच्चा' हा शब्द मला मान्य नाही. मी तीस वर्षं मुलांना टेनिस शिकवते आहे, आणि आजही स्लाइस (रॅकेट चेंडूखालून कापत नेऊन मारलेला, म्हणजे मुलीच्या शब्दांत 'कापलेला' फटका) शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर ग्राफच येते. तिचा स्लाइस जाळीवरून जेमतेम जायचा आणि टप्पा पडला की सरपटायचा. विम्बल्डनच्या गवतावर तर चेंडू गुडघ्यापर्यंतही येत नसे. समोरची खाली वाकून तो कसाबसा उचलणार, आणि उचललेला चेंडू म्हणजे ग्राफच्या फोरहँडला आमंत्रणच.

शिवाय स्लाइस हवेत जरा रेंगाळतो. तेवढ्या वेळात ती बॅकहँडच्या कोपऱ्यातसुद्धा चेंडूला वळसा घालून फोरहँड मारायला उभी असायची. तो फोरहँड ती फार उशिरा घ्यायची, चेंडू अगदी अंगाजवळ आल्यावर. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे करू देत नाही, कारण त्याला तिचे पाय लागतात. छोटी छोटी, भराभर पावलं, आणि फटक्याच्या क्षणी कित्येकदा दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले! टॉपस्पिन बॅकहँडही, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा, तिला येत होता. नेटवर आलेल्या खेळाडूच्या बाजूने चेंडू काढताना तो दिसायचा.

१९८८ची विम्बल्डन फायनल मुलीला जरूर दाखवा. मार्टिना नवरातिलोव्हा ७-५, २-० अशी पुढे होती. डावखुरी मार्टिना, तिची सर्व्हिस ग्राफच्या बॅकहँडकडे बाहेर वळत जाणारी. म्हणजे तुम्ही ज्याला कच्चा म्हणता, त्याच बाजूवर सगळा मारा. तिथून ग्राफने पुढच्या तेरापैकी बारा गेम जिंकले. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण तिचंच. पुढे एकेरीची एकूण २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं झाली, त्यात प्रत्येक स्पर्धा किमान चारदा! मातीवर, गवतावर, हार्ड कोर्टवर, सगळीकडे तोच स्लाइस.

मुलीला सांगा, एक अख्खा सेट चेंडूकडे न बघता फक्त ग्राफचे पाय बघ. दोन फटक्यांच्या मधे ती किती पावलं टाकते ते मोज, आणि मग कोर्टवर स्वतःची मोज.