ग्राइंडर घ्यावा की पात्यांचा दुसरा संच?

प्रश्न: झाडांची छाटणी करून देण्याचा माझा व्यवसाय आहे. चिपरच्या (फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राच्या) पात्यांना वर्षातून ६ वेळा बाहेरून धार लावून आणतो आणि दर खेपेला यंत्र ३ दिवस बसून राहतं. धार लावायचा ग्राइंडर आणि पातं ठरलेल्या कोनात धरणारी जिग घेतली तर १४ वेळा धार लावण्याइतका खर्च येतो. पात्यांचा नवा संच ५ वेळांच्या खर्चात पडतो. बचतीतून ग्राइंडर घेऊन टाकू का?

उत्तर: थांबा जरा. तुमच्या हिशेबाने ग्राइंडर सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल होतो, पण त्यात तुमची मजुरी शून्य धरली आहे. पाती काढणं-बसवणं दोन्हीकडे तुमच्याच गळ्यात आहे, ते सोडून देऊ. घासण्यात जाणारा वेळ आणि झिजणारं चाक मिळून बाहेरच्या दराच्या निम्मा खर्च धरला, तर दर खेपेला उरतो फक्त निम्मा दर. म्हणजे वसुलीला २८ खेपा, पावणेपाच वर्षं. त्यात शिकताना एक संच वाया गेला की आणखी १० खेपा वाढल्या.

आणि संच वाया जातो, बरं का. कोरड्या चाकावर पातं जरा जास्त दाबलं की कडेला निळसर झाक येते. ती दिसली की पोलादाचं पाणी उतरलं असं समजा. धार दिसते लखलखीत, पण ओल्या फांद्यांवरसुद्धा टिकत नाही. शिवाय संचातली सगळी पाती सारखीच घासावी लागतात. अनेक चिपरांची पाती बसवलेली तबकडी मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते. एक पातं हलकं झालं की यंत्र थरथरतं आणि मार बसतो बेअरिंगला. तो खर्च तुमच्या कागदावर कुठेच नाही.

पण मला खरी खटकली ती वेगळीच गोष्ट. वर्षाला १८ दिवस यंत्र बंद, आणि पत्रात तुम्ही त्याची किंमतच लिहिलेली नाही! धारेच्या बिलापेक्षा हे बुडालेले दिवस महाग असणार, असा माझा अंदाज आहे. ते वाचवायला ग्राइंडर लागत नाही, दुसरा संच लागतो. एक यंत्रात, एक धारेला. आणि हा संच म्हणजे नुसता खर्च नाही: झीज दोन संचांत वाटली जाते, म्हणून पहिला संच दुप्पट काळ चालतो. नाहीतरी पुढे जो संच घ्यावाच लागला असता, तोच आज घेताय. पैसे अडकतात, बुडत नाहीत. (पाती दोन्ही बाजूंनी धारेची असतील तर आधी उलटवून पाहा. हे विसरणारे मला बरेच भेटलेत.)

सोबत एक डायमंड स्टोन (हाताने धार लावायची, हिऱ्याचे कण लावलेली पट्टी) घ्या. मोठी खोक पडली नसेल तर मधूनमधून उतरत्या बाजूवर आहे त्याच कोनात हलके हात मारा. सपाट बाजूला मात्र फक्त उलटलेली किनार काढायची, कोन द्यायचा नाही. त्याआधी इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, तबकडी अडकवलेली. यात तडजोड नको. ६ खेपांच्या ४ झाल्या तरी स्टोनची किंमत निघाली.

बाहेरून धार लावून आलेलं पातं बसवताना अँविलपासूनचं (पात्यासमोरच्या स्थिर पट्टीपासूनचं) अंतर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. पात्याची रुंदी मोजून वहीत लिहीत जा. पुस्तिकेतल्या किमान रुंदीखाली गेलं की ते पातं भंगारात, कितीही जीव तुटला तरी.

ग्राइंडरचा विचार मी कधी करीन? दुसरं यंत्र आलं आणि खेपा वर्षाला २० च्या पुढे गेल्या, तर. आणि तेव्हाही पाण्याने थंड ठेवणाराच घ्या. आता उरलेल्या ९ खेपांच्या पैशांतून आधी बेअरिंग आणि पट्ट्यांसाठी वेगळी शिल्लक काढून ठेवा.