चार वर्षांच्या मुलाला भीमथडीला न्यावं का?

ताई, माझं माहेर जळगावकडचं, लग्नानंतर पुण्यात आले. मुलगा चार वर्षांचा आहे, मुलगी दीड वर्षाची. मुलांना आपलं खाणं कळावं, वासुदेव-गोंधळी बघायला मिळावेत म्हणून गेल्या हिवाळ्यात एका खाद्यमहोत्सवाला गेलो. मुलगा हलगीला घाबरून रडायला लागला, भरिताचा घास थुंकला आणि शेवटी बटाट्याचे वेफर्स खाऊन घरी आला. मी चिडचिड करतच परतले. आता डिसेंबरात पुण्यातल्या भीमथडी जत्रेला, म्हणजे गावाकडच्या खाण्याच्या आणि कलांच्या प्रदर्शनाला जाऊ म्हणते, तर सासूबाई ठाम नाही म्हणतात. ‘एवढ्या गर्दीत लेकरं न्यायची नाहीत.’ त्या वाई तालुक्यातल्या आहेत. नवरा म्हणतो, मोठी झाली की नेऊ. माझा हट्ट चुकतोय का?

* * *

नाही, हट्ट चुकत नाहीये. पण तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्यात. एक मुलांसाठीची आहे. दुसरी तुमची स्वतःची: तुम्हाला भरीत खायचंय, माहेरची बोली कानावर पडायला हवीय. ही दुसरी इच्छा अगदी रास्त आहे आणि तिला मुलांचं निमित्त लागत नाही. गेल्या वेळी मात्र ती चार वर्षांच्या पोराच्या ताटात वाढली गेली. म्हणून त्याने घास थुंकला तेव्हा तुम्हाला इतकं लागलं.

त्याच्या बाजूने पाहा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेलं वांगं, त्याचा धुरकट वास, वर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं अनोळखी चवीला बिचकतात. तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आला की मग कुठे तोंडात टिकतो. तेव्हा ही ओळख गर्दीत नको, घरी होऊ द्या. भरताचं मोठं हिरवं वांगं मिळालं तर ते गॅसवर भाजा, मिरची न घालता थोडं तूप घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी त्याच्या ताटात एक चमचा ठेवा. खाल्लं तर खाल्लं, नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. जत्रेत त्याने काहीच खाल्लं नाही तरी चालेल. घरून पोट भरून न्या.

मग जत्रेत करायचं काय? बघायचं. लहान मुलाला तयार पदार्थापेक्षा तो होताना बघण्यात जास्त रस असतो. खानदेशच्या स्टॉलवर मांडे करणारी मावशी असेल तर सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहा. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती कोपरापर्यंत मोठी करते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते. हे बघताना मुलगा पंधरा मिनिटं हलणार नाही, याची मला खात्री वाटते. मावशीला विचारा, तुम्ही कुठल्या? ती अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलायला लागली की तुम्हीही तसंच बोला. आई आपल्याशी बोलते त्याहून वेगळी बोली तिला येते, हे मुलाला तिथे कळेल. माझ्या लेखी ‘आपली माणसं कळणं’ ते हेच, आणि त्याला एक स्टॉल पुरतो. पन्नास स्टॉल फिरायची गरज नाही.

हलगीचं आधी ठरवून घ्या. वाजत असताना लांब राहा, स्पीकरपासून तर फारच लांब. वाजवणं थांबलं की कलाकाराला विचारून जवळ न्या. शेकवून ताणलेलं ते कातडं मुलाला स्वतःच्या बोटाने वाजवू दिलं, की आवाज कुठून येतो ते त्याला कळेल. भीती बरीचशी तिथेच ओसरते. नाही ओसरली तर निघून या, तासाभरातही.

आता सासूबाई. ‘वाई तालुका’ हे तुम्ही ओघात लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अडीचशेहून जास्त भाविक गेले, त्यात बायका आणि लहान मुलं होती. त्या भागातल्या माणसाला ‘गर्दी आणि लेकरं’ हे शब्द एकत्र ऐकले की काय आठवत असेल, याचा विचार करा. त्यांना मागासलेल्या किंवा हेकट समजू नका. एका संध्याकाळी, भीमथडीचा विषय न काढता, त्या वेळचं विचारा आणि ऐकून घ्या. नंतर सांगा की डोंगरावरच्या अरुंद वाटेची ती यात्रा वेगळी आणि शिवाजीनगरच्या मोकळ्या मैदानातलं हे प्रदर्शन वेगळं. आणि गर्दीची वेळ खरंच टाळा, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन राहील. रविवारची संध्याकाळ नकोच. आठवड्यातल्या दिवशी, जत्रा उघडल्या उघडल्या जा आणि जेवणाच्या गर्दीआधी बाहेर पडा.

धाकटीला या वर्षी आजीजवळ ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. दीड वर्षाच्या बाळाला तिथे धुळीशिवाय फारसं काही मिळत नाही आणि तुमचे दोन्ही हात मोठ्यासाठी मोकळे राहतील. आत शिरताना त्याचा फोटो काढा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे मोबाइलमध्ये राहतील. मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा. हरवलास तर पळायचं नाही, स्टॉलवर बसलेल्या एखाद्या मावशीला हात दाखवायचा, हे घरीच दोन-तीनदा खेळून दाखवा. पाणी घरचं. हुरडा खाल्लात तर त्याच्या हातात अख्खे शेंगदाणे देऊ नका, या वयात ते घशात अडकतात. चटणीही तिखट नसेल तरच द्या.

नवऱ्याचं ‘मोठी झाली की नेऊ’ मला पटत नाही. शाळा, क्लास, परीक्षा सुरू झाल्या की मोकळी सकाळ मिळणं अवघड होतं. त्यांनाच त्या दिवशी अर्धी रजा टाकायला सांगा, मुलाचा हात त्यांच्या हातात द्या.

आणि जत्रा संपायच्या आत तुम्ही पुन्हा एकदा जा, मुलांना घरी ठेवून, एखाद्या माहेरच्या मैत्रिणीबरोबर. मिरचीचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, जे हवं ते सावकाश बसून खा.