सत्तर हजारांचं पिल्लू आणि पंधरा लाखांची ठेव

प्रश्न थोडक्यात असा: वय 63, निवृत्त शिक्षिका, पुण्यात एकटी राहते. पेन्शन 34,000 रुपये. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख, 8.2 टक्क्यांनी, खातं उघडून अडीच वर्षं झाली. महिन्याचा खर्च 33,000. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता 38,000. सोबतीला माल्टीपू या छोट्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं आहे, किंमत 70,000. ठेव मोडू की क्रेडिट कार्डावर हप्ते करू? विक्रेता म्हणतो, पिल्लू 40 दिवसांचं आहे, आज 5,000 टोकन पाठवा. ओळखीच्या एका बाईंनी रस्त्यावरून आणलेली, पॉमेरेनियनसारखी दिसणारी तीन वर्षांची कुत्री फुकट मिळते आहे, पण तिचा एक कान कापलेला आहे.

ताई, आधी ठेवीचं सांगतो, कारण ते दोन ओळींत संपतं. या योजनेतून थोडेसे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. दोन ते पाच वर्षांच्या मधे बंद केलं की मुद्दलातून एक टक्का कापतात. तुमच्या बाबतीत तो एक टक्का म्हणजे 15,000. सत्तरचं पिल्लू पंच्याऐंशीला पडेल. कार्डावरच्या हप्त्यांना साधारण 13 ते 16 टक्के व्याज आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. दोन्ही नको.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महाग वाटलेली ओळ किमतीची नव्हतीच. ‘मुलगा बंगळूरला असतो, वर्षातून दोनदा महिना-महिना जाते,’ ही ती ओळ. म्हणजे वर्षाचे 60 दिवस कुत्रा कुठे राहणार? माझ्या भागात ठेवून घेणारे दिवसाला 600 रुपये घेतात. झाले 36,000. सोबत न्यायचा म्हटलं तर रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे आरक्षित करावं लागतं, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत.

आता बाकीचा हिशेब. पाच-सात किलोच्या कुत्र्याला खाणं महिन्याला 2,000, वर्षाचे 24,000. लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध मिळून 10,000 धरा. माल्टीपूत निम्मा पूडल, म्हणजे कुरळ्या केसांचा कुत्रा असतो; केस फारसे गळत नाहीत हे खरं, पण ते वाढतच राहतात आणि विंचरले नाहीत तर त्यांचा नमदा होतो. दीड महिन्याला कापून घ्यायचे, 1,500 रुपये एका वेळचे, वर्षाचे 12,000. सगळी बेरीज 82,000. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची आहे, हे दरवर्षी.

पेन्शन आणि ठेवीचं व्याज मिळून तुमच्या हाती महिन्याला सरासरी 44,250 येतात. खर्च वजा जाता 11,250 उरतात, पण त्या 33,000 मध्ये विम्याचा हप्ता तुम्ही धरलेला दिसत नाही. तो काढला की 8,100. माल्टीपूचे महिन्याचे 6,800 गेले की उरले 1,300. एवढ्यात वर्ष निघतं, आजारपण निघत नाही.

आजारपण म्हणजे काय, ते माझ्या घरचं सांगतो. आमची ‘खारी’, आई स्पिट्झ, बाप गल्लीतला कुणीतरी. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस ताटलीकडे फिरकली नाही. कानामागे हात फिरवला तर ज्वारीच्या दाण्याएवढी टम्म गोचीड, आणि ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. गोचीड ताप. रक्ततपासण्या, चार दिवस सलाईन, महिनाभर गोळ्या. डायरीत 11,400 लिहिलेत. कुत्र्यांचा विमा मिळतो, पण प्रतीक्षाकाळ आणि वगळलेल्या गोष्टी वाचल्यावर मी तरी आवर्ती ठेव उघडली.

‘माल्टीपू’ ही मान्यताप्राप्त जातही नाही. माल्टीज आणि पूडल यांचा संकर आहे. संकराला केनेल क्लबची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, वंशावळ मिळत नाही. तेव्हा 70,000 कशाचे, तर नावाचे आणि गोंडस फोटोंचे. शिवाय 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. 40 दिवसांच्या पिल्लासाठी आजच्या आज टोकन मागणाऱ्याला एवढंच विचारा, नोंदणी क्रमांक काय. बहुतेक फोन तिथेच संपेल.

आता त्या कापलेल्या कानाबद्दल. ताई, ते व्यंग नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी केली की ओळख म्हणून कानाला खाच पाडतात, आणि त्याच वेळी रेबीजची लसही देतात. खारीच्या शस्त्रक्रियेला मला 7,500 लागले होते. तुमचा तो खर्च कुणीतरी आधीच करून ठेवलाय. लस मात्र दरवर्षी टोचायची.

माझा कौल त्या कुत्रीला. तीन वर्षांची म्हणजे आकार, स्वभाव, भुंकण्याची सवय सगळं समोर आहे. केस घरी विंचरले तरी चालतात, म्हणजे खर्च महिन्याला 2,800. तुम्ही बंगळूरला जाल तेव्हा त्या बाई तिला ठेवून घेतील का, हे कुत्री आणण्याआधी विचारा, संकोच करू नका. नाही म्हणाल्या तर 5,800 धरा, तेही झेपतं. 2,000 ची आवर्ती ठेव पहिल्या महिन्यापासून सुरू करा आणि ती 40,000 होईपर्यंत तिला हात लावू नका.

अजून एक, जरा कडू आहे. छोटी कुत्री चौदा-पंधरा वर्षं सहज जगतात. पिल्लू घेतलं तर तोवर तुम्ही 78 च्या, हिला घेतलं तर 75 च्या. कुत्र्याच्या नावावर आपल्याकडे पैसे ठेवता येत नाहीत. मृत्युपत्रात तिला कोण सांभाळणार त्या माणसाचं नाव आणि त्याच्यासाठी काही रक्कम लिहा, आणि त्याला आधी विचारा.

शनिवारी तिला भेटायला जाल तेव्हा पट्टा धरून जिना एकदा उतरून पाहा. तुमच्या गुडघ्यांना ती किती ओढते ते कळेल. घरी आणलीत तर गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा घ्या, छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. 600 रुपये. हे माझ्या हिशेबात धरायचे राहिले.